उथळ पाण्याची विद्या

आपल्या इतिहासग्रंथांत पाण्यास फार थोडी जागा मिळालेली आहे. किल्ल्यांची वर्णने आहेत, घाटांची आहेत, रणांगणांची आहेत. परंतु सैन्य खाडीपाशी आले म्हणजे इतिहासकार ‘खाडी ओलांडून पलीकडे गेले’ एवढे चार शब्द लिहून मोकळा होतो. ती खाडी कोणत्या तिथीस, भरतीच्या कोणत्या प्रहरी, कोणत्या बुडाच्या होडीतून आणि कोणाच्या हातच्या सुकाणूने ओलांडली, हे प्रश्न त्यास सहसा पडत नाहीत. उत्तर कोकणाच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. कारण ह्या प्रांतातील राज्ये, पेठा व मोहिमा ह्यांचे दैव पुष्कळ वेळा दोन-चार हात पाण्याने ठरविलेले आहे. ज्यास ते दोन-चार हात पाणी केव्हा असते व केव्हा नसते हे ठाऊक, तो तरला. ज्यास ते ठाऊक नव्हते, त्याची मोठमोठी जहाजे खाडीच्या मुखाशी तोंड पाहत उभी राहिली.

वसई तालुक्यातील चिंचोटी हे गाव घ्या. आज ते मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे एक नाके म्हणून सर्वांस परिचित आहे. तेथून कामण व अंजूरफाटा ह्या वाटेने भिवंडीचा रस्ता फुटतो, आणि पावसाळ्यात तेथील धबधबा पाहण्यास शहरातील मंडळी लोटतात. परंतु नकाशावरून रस्ते क्षणभर पुसून टाकले तर ह्या स्थळाचे खरे स्वरूप ध्यानात येते. मागे तुंगारेश्वराचा डोंगर, पूर्वेस कामणदुर्ग, आणि पुढे उतारावरून आलेले पाणी ज्यांत विसावते ती खाजणे, मिठागरे व खाडीचे फाटे. हे सर्व पाणी अखेर वसईच्या खाडीस मिळते. ती खाडी म्हणजे सह्याद्रीत उगम पावून कल्याणवरून आलेली उल्हास नदीच होय. ठाण्यापाशी तिचा एक लहान फाटा दक्षिणेस मुंबईच्या बंदराकडे वळतो आणि मुख्य प्रवाह घोडबंदरावरून पश्चिमेस वसईच्या किल्ल्यापाशी समुद्रास मिळतो. ह्या दोन प्रवाहांनी साष्टीस बेट केले. पूर्वी डोंगरपायथ्याच्या गावांस जगाकडे जाण्याचा रुंद मार्ग हाच होता. रस्ता म्हणजे चिखल, आणि खाडी म्हणजे राजमार्ग, अशी स्थिती शतकानुशतके होती.

मात्र हा राजमार्ग दिवसातून दोनदा उघडे व दोनदा मिटे. नदी गाळ आणते, समुद्राच्या लाटा किनाऱ्याने वाळू सरकवितात, आणि जेथे दोहोंची गाठ पडून वेग मंदावतो तेथे, म्हणजे खाडीच्या मुखाशी, रेतीचे पट्टे साचतात. ओहोटीस त्यांतील काही उघडे पडतात, काही कमरेइतक्या पाण्याखाली दडून राहतात. दडून राहणारेच अधिक घातक. पुन्हा हे पट्टे स्थिरही नसतात. एका पावसाळ्याचा पूर त्यांची जागा पालटून टाकतो. त्यामुळे गेल्या वर्षीचे ज्ञान ह्या वर्षी तपासून घ्यावे लागते.

ह्या मार्गावरून सुखरूप जाण्याची जी विद्या किनाऱ्यावरच्या कोळी-भंडाऱ्यांनी सिद्ध केली, तिचा पहिला आधार पंचांग हा होय. मुंबईच्या आसपास अमावास्येस व पौर्णिमेस भरती मध्यान्हीच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण होते. पुढे प्रत्येक तिथीस ती मागे पडत जाते. कोकणकिनाऱ्यावर ह्याचा सोपा हिशेब असा सांगतात, की तिथीस पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची वेळ तासांत निघते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, इत्यादी. हा हिशेब कितपत खरा आहे? चांद्रमासाच्या तीस तिथींत भरती बरोबर चोवीस तासांचा फेरा पुरा करते. म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटे होतात. आपली घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा हे मान तिथीमागे नेमके दोन घटका येते. पाऊण तासाच्या हिशेबात अष्टमीपर्यंत एका घटकेचा फरक पडतो, आणि भांगाच्या दिवसांत भरती आणखी थोडी मागेपुढे होते. परंतु तांडेलास एवढा फरक सहज परवडतो, कारण भरती पूर्ण होण्याच्या क्षणाची वाट पाहत तो बसतच नाही. ज्या समाजास घड्याळ माहीत नव्हते, त्याच्या घरातली चतुर्थी-एकादशी ही केवळ उपासाची खूण नव्हती, ती पाण्याची मोजपट्टीही होती.

दुसरा आधार, पाणी चढण्याची रीत. उधाणास मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी सरासरी साडेतीन मीटरांहून अधिक चढते-उतरते आणि मोठ्या उधाणास पाच मीटरांच्या घरात जाते. भांगास हाच फरक दीड मीटरांच्या आसपास राहतो. मोठे उधाण नेमके अमावास्या-पौर्णिमेसच येते असेही नाही, ते त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. शिवाय भरतीचे सहा तास सारखे नसतात. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक, असे ते स्थूलमानाने वाटले जातात. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते आणि तेव्हाच प्रवाहाचा वेगही सर्वांत अधिक असतो. वल्ह्याच्या होडीने त्या वेळी प्रवाहाशी झगडणे म्हणजे शक्तीचा अपव्यय होय.

ह्यांवरून जो नियम निघतो तो सर्व जगातील उथळ पाण्याच्या नाविकांस मान्य आहे : पट्टा ओलांडावयाचा तो चढत्या पाण्यावर. निम्मी भरती होऊन गेल्यावर आत शिरणारी होडी चुकून रुतली, तरी उरलेली भरती तिला उचलून घेते. उतरत्या पाण्यावर रुतलेली होडी मात्र पुढच्या भरतीपर्यंत अडकते. उधाणाच्या माथ्यावर रुतली तर आणखी वाईट, कारण तेवढे पाणी पुन्हा येण्यास पंधरवडा लागावयाचा. बाहेर पडणाऱ्यानेही भरती पूर्ण होत आली असताच निघावे. ओहोटीचा झोत बाहेर धावत असता समोरून पश्चिमेचा वारा आला, तर दोहोंच्या झुंजीत पट्ट्यावर लाट उभी राहते आणि फुटते. ज्या जागी तासाभरापूर्वी आरशासारखे पाणी होते, तेथे होडी उलटते. म्हणून मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची जी चाल आहे तिच्यामागे श्रद्धा तर आहेच, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेबही आहे.

आत शिरल्यावर पाणी वाचावे लागते. वळणाच्या बाहेरच्या काठाशी प्रवाह कापतो म्हणून तेथे खोली असते, तर आतल्या काठाशी गाळ बसतो म्हणून तेथे उथळ. जेथे पाणी उगाच चुरचुरते, रंगाने फिकट दिसते किंवा बगळा निवांत उभा असतो, तेथे जाऊ नये. नाळेवरच्या माणसाने बांबूने अगर शिशाच्या ओळंब्याने ठाव घेत राहावे. ओळंब्याच्या तळाशी मेण लावले म्हणजे खालची वाळू, चिखल वा शिंपले त्यास चिकटून येतात आणि अंधारातही आपण कोठे आहो हे कळते. आणि शेवटची युक्ती खुणांची. किनाऱ्यावरची एक जवळची खूण आणि मागची एक दूरची खूण एका ओळीत आणली, की ती ओळ हाच सुरक्षित मार्ग. तुंगार व कामणदुर्ग ह्यांची शिखरे किनारपट्टीवरून दुरून दिसतात. चिंचोटीच्या माथ्यावरचा डोंगर हा अशा रीतीने समुद्रावरच्या माणसाचाही डोंगर होता.

ही विद्या किती जुनी असावी? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे समुद्रमार्गांचे वर्णन प्रसिद्ध आहे. त्यात सोपारा व कल्याण ही दोन्ही बंदरे नावानिशी आली आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील भडोचचे प्रकरण अधिक मोलाचे आहे. नर्मदेच्या मुखाशी वाळूचे पट्टे असून भरती-ओहोटीचा जोर भयंकर आहे आणि परक्या जहाजास तेथे शिरणे कठीण आहे, असे तो सांगतो. आणि पुढे म्हणतो, की ह्यासाठी राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी ‘त्रप्पग’ व ‘कोटिंब’ नावाच्या मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात, परदेशी जहाजांस पट्ट्यांमधून वाट दाखवितात, भरती लागली की ती ओढून नेतात आणि ओहोटी लागताच ठराविक डोहांत नांगरून ठेवतात. ह्यांतील दुसऱ्या नावाचा संबंध काही विद्वान आपल्या किनाऱ्यावरील ‘कोटिया’ ह्या जहाजाशी जोडतात. ते असो. महत्त्वाची गोष्ट ही, की दोन हजार वर्षांपूर्वी ह्या किनाऱ्यावरच्या राजास वाटाड्या हा राज्याचा सेवक आहे, त्याच्यावर जकात व वैभव अवलंबून आहे, हे कळत होते. रोमन साम्राज्यातले द्रव्य ज्या गलबतांतून आले, त्यांना शेवटचे काही कोस एका अनाम कोळ्याचे बोट धरून यावे लागले.

बौद्ध जातकांत सुप्पारक नावाच्या नाविकाची कथा आहे. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेलेले, तरीही भडोचचे व्यापारी आग्रहाने त्यालाच जहाजावर घेतात, आणि तो आंधळा कर्णधार इतरांनी सांगितलेल्या लक्षणांवरून आपण कोणत्या समुद्रात आहो हे ओळखीत जातो. त्याचे नाव आणि सोपाऱ्याचे प्राचीन नाव शूर्पारक ह्यांतील साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. कथेतले अद्भुत बाजूस ठेविले तरी तिच्यातला एक विचार खरा आहे : नौकानयन हे केवळ डोळ्यांचे काम नव्हे, ते स्मृतीचे काम आहे.

त्याच सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी बुरूड राजाच्या कोटातील स्तूप उकरला, आणि तेथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावास नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. ज्या गावी सम्राटाने आपली आज्ञा कोरविली, ते गाव क्षुद्र खास नव्हते. तथापि आज सोपाऱ्यास जाणाऱ्यास तेथे कधीकाळी बंदर होते हे सांगूनही खरे वाटत नाही. शत्रूने ते जाळले म्हणून नव्हे, खाडी भरत गेली म्हणून. ह्या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

मध्ययुगाच्या अखेरीस पोर्तुगीज आले. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याच्याकडून त्यांना वसई मिळाली, आणि त्यांनी किल्ला बांधला तो खाडीच्या नेमक्या मुखावर. ह्या जागेचा अर्थ शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर स्पष्ट झाला. १६५९ च्या सुमारास महाराजांनी तेथे जहाजे बांधावयास घेतली, तेव्हा त्या कामी रुइ लैतांव व्हियेगश व त्याचा मुलगा हे पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांस फितवून कामावरून काढून नेले. कारण उघड होते. कल्याणात बांधलेले जहाज समुद्रावर यावयाचे तर त्यास एकतर वसईच्या तोफांखालून, नाही तर ठाण्याच्या अरुंद पाण्यातून यावे लागे. खाडीचे मुख ज्याच्या हाती, त्याच्या हाती वरच्या सर्व प्रांताचा श्वास.

परंतु मुख धरून बसलेल्या मोठ्या जहाजास लहान होडी कशी चकविते, हे पुढे १६७९ साली खांदेरीच्या प्रसंगी दिसून आले. महाराजांच्या माणसांनी त्या बेटावर तट बांधावयास आरंभ करताच मुंबईकर इंग्रजांनी आपली जहाजे बेटाभोवती उभी केली. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराशी झालेल्या लढाईत इंग्रजांचे ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज टिकून राहिले खरे, पण ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. आणि लढाईपेक्षाही इंग्रजांस जेरीस आणले ते रात्रीच्या फेऱ्यांनी. वल्ह्यांवर चालणाऱ्या हलक्या होड्या अंधारात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून निघत, बेटावर धान्य-दारू पोहोचवीत, आणि पाठलाग झाला तर जेथे इंग्रजांच्या जहाजांचा तळ टेकेल अशा खाडीत शिरत. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह करून खांदेरीचा नाद सोडला.

ह्या अनुभवाचे शास्त्र रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आढळते. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून जी हलत नाहीत अशी अवजड जहाजे उपयोगाची नव्हेत. एका सुभ्यास पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत. पावसाळ्यात आरमार कोठे ठेवावे ह्याचीही काळजी घ्यावी, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. रॉबर्ट ऑर्म ह्या इंग्रज इतिहासकाराने ह्या गुराबांचे वर्णन करताना त्या लांबीच्या मानाने फार रुंद असून अगदी थोड्या पाण्यात चालतात असे नमूद केले आहे. ह्या बांधणीस कित्येक लेखकांनी मागासलेपणाचे लक्षण मानले आहे. उघड्या महासागरावर खोल बुडाच्या जहाजापुढे ती उणी पडे हे कबूल केले पाहिजे, आणि पुढे इंग्रजी सत्तेस समुद्रावर रोखता आले नाही ह्याचे एक कारण तेही होय. पण ज्या किनाऱ्यावर प्रत्येक पाच-दहा कोसांस एक खाडी व प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक रेतीचा पट्टा, तेथे उथळ बूड ही उणीव नसून नेमकी योजना होती. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या तरच मराठी आरमाराचे यथार्थ मूल्यमापन होईल.

वसईची मोहीम हा ह्या विद्येचा सर्वांत मोठा प्रसंग. चिंचोटी-कामणची वाट जेथे भिवंडीच्या बाजूस उतरते, तेथे खाडीकाठी अंजूर गाव आहे. तेथील गंगाजी नाईक व त्यांचे बंधू ह्यांनी पेशव्यांस मसलत दिली, माणसे जोडली, वाटा दाखविल्या. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी प्रथम हल्ला केला तो वसईच्या तटावर नव्हे, तर ठाण्याच्या खाडीवर, आणि तोही रात्री. ठाण्याचा पोर्तुगीज कोट त्या वेळी अपुराच होता. तो हाती येताच साष्टीचे दार उघडले. त्याच वर्षी वैतरणेच्या मुखावरचे अर्नाळ्याचे बेट मराठ्यांनी घेऊन तेथे किल्ला उभारला. १७३९ च्या आरंभी वसईसमोरचा धारावीचा डोंगर पडला. आता मोहिमेचा क्रम नकाशावर पाहा : वरचे नाके ठाणे, उत्तरेचे मुख अर्नाळा, दक्षिणेचा काठ धारावी, आणि बाहेर समुद्रावर मानाजी आंग्र्यांचे आरमार. सुरुंग तटास लागण्यापूर्वीच पाण्याच्या वाटा एकेक करून बंद झाल्या होत्या. मे १७३९ मध्ये वसईकरांनी शरणपत्र लिहून दिले. तटावर चढणाऱ्यांचे शौर्य अद्वितीयच होते. परंतु अंधारात ठाण्याच्या खाडीतून ज्यांनी होड्या पार केल्या, त्यांच्यापैकी कोणाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे?

इंग्रजी अमदानीत ही विद्या दोन बाजूंनी मागे पडली. एकतर छापील नकाशे आले. जेम्स हॉर्सबर्गचे नाविक मार्गदर्शन १८०९ पासून छापून निघू लागले. त्यात किनाऱ्याची, वाऱ्यांची व खोलीची परिश्रमपूर्वक जमविलेली माहिती होती, आणि खोल समुद्रावर त्या परिश्रमाने असंख्य प्राण वाचले. रेतीच्या पट्ट्याने मात्र नकाशाचे कधी ऐकले नाही. तेथे स्थानिक तांडेलच शेवटचा अधिकारी राहिला. दुसरे कारण आगगाडी. १८६४ साली बी. बी. सी. आय. रेल्वे वसईच्या खाडीवरून पूल टाकून मुंबईत आली, आणि ज्या मालास भरतीची वाट पाहावी लागे तो घड्याळाच्या काट्यावर जाऊ लागला. बंदरांची शिबाडे कमी झाली, मुले शाळेत व गिरणीत गेली. पुढे इंजिन आले, प्रतिध्वनीने खोली मोजणारे यंत्र आले, उपग्रह आले. ह्यांत शोक करण्यासारखे काही नाही. ज्याचा मुलगा समुद्रावर गेलेला आहे, त्या घरास यंत्राचे मोल कोणी शिकवावयास नको.

चिंता आहे ती वेगळी. खाडीचे मुख उघडे राहते ते कशामुळे? भरतीस जेवढे पाणी आत शिरते, तेवढे सर्व ओहोटीस त्याच तोंडातून बाहेर धावते, आणि तो झोत रोज दोनदा मुखातला गाळ झाडून काढतो. आत शिरणारे पाणी खाजणांत, तिवरांच्या वनांत, मिठागरांच्या पसाऱ्यात मावते. ही जागा भराव घालून कमी केली म्हणजे आत येणारे पाणी कमी, म्हणून बाहेर जाणारा झोतही दुबळा, म्हणून मुखाशी गाळ अधिक. सोपाऱ्याच्या खाडीस जे शतकांच्या ओघात झाले, त्यात ह्याच क्रमाचा हात असला पाहिजे. चिंचोटीपासून नायगावपर्यंतच्या सखल भूमीवर गेल्या दोन पिढ्यांत वस्ती ज्या वेगाने पसरली, तो वेग शतकांचा नव्हे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारला पुराच्या पाण्याने वेढले, मिठागरांतले कामगार अडकून पडले आणि आगगाड्या थांबल्या. डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्यास जेथे विसावावयाचे, ती जागाच आपण घेतली, तर ते आपल्या उंबऱ्यावर विसावणार, हे समजण्यास स्थापत्यशास्त्राची पदवी नको.

आणि ह्याच सुमारास शासनास खाडीची पुन्हा आठवण झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २०१६ च्या कायद्याने उल्हास व वसईची खाडी राष्ट्रीय जलमार्गांत गणली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर दरम्यान वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. जो फेरा रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरांचा, तो पाण्याने अवघ्या काही किलोमीटरांचा. पण ह्या बोटीसही भरती-ओहोटीचे गणित चुकत नाही, धक्क्यापाशी गाळ साचणे चुकत नाही. एका हाताने खाजणे भरावयाची आणि दुसऱ्या हाताने मुखातला गाळ उपसावयाचा, हा व्यवहार फार दिवस चालणारा नाही.

म्हणून ह्या जुन्या विद्येची टिपणे करून ठेवणे हे केवळ हौसेचे काम नव्हे. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील वृद्ध तांडेलांस कोणत्या खुणा ठाऊक आहेत, कोणता पट्टा कोणत्या पुरानंतर सरकला, कोणत्या फाट्यात पूर्वी गलबत जात असे व आता डोंगीही जात नाही, हे त्यांच्या तोंडून लिहून घेतले, तर खाडीचा शे-पाऊणशे वर्षांचा असा इतिहास हाती येईल, जो कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही. महाविद्यालयांत इतिहासाचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंधाचे विषय शोधीत असतात. त्यांतील चार-दोघांनी बखरी व पत्रव्यवहार ह्यांच्या जोडीस पंचांग घेऊन बंदरावर जावे. पेशव्यांच्या पत्रांतील तिथी तेथे त्यांना नव्या अर्थाने वाचता येतील, आणि त्या रात्री पाणी किती होते हे आकडेमोडीने सांगता येईल. निदान खाडी ओलांडणाऱ्यांच्या वाट्यास चार शब्दांहून अधिक काही येईल.